भावाचा उपास

सातारा, ८ जुलै २०२५

दादा,

काल फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. आठ वर्षांनी दिसलं. रांग सोडून बाहेर आले, तर तू 'कशी आहेस' असंही न विचारता म्हणालास, "माले, शिवा तुज्याकडं हाय का?" मी नाही म्हणाले. "असली तर सांग. न्हाईतर सापडली की बघतो." एवढं बोलून ठेवलास. नंतर मी केलेले फोन उचलले नाहीस, म्हणून हे पत्र. फौजेतल्या माणसाला आलेलं पत्र न उघडता ठेववत नाही, असं तूच एकदा सांगितलं होतंस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लेखी देते. शिवांजली माझ्या घरी नाही. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलंय. जसं लिहिलंय तसं ते खरं आहे. त्यापुढचं मला विचारू नकोस. मी सांगणार नाही, आणि सांगितलंच तर ते खरं असेल याची खात्री देणार नाही. तुझ्याशी असं बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण या पत्रात जे नाही, ते मला माहीतच नाही असं समजू नकोस.

विट्यात सगळ्यांना ठाऊक आहे तेवढं मलाही ठाऊक आहे. तुझी मुलगी बावीस वर्षांची आहे. राजरत्नशी तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलंय. तो तुमच्याच गावचा, बौद्धवाड्यातल्या मुक्ताबाईंचा मुलगा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तुम्ही पोलीस ठाण्यात ती हरवल्याची नोंद केली आहे. वीरधवल सेलमचं गलाईचं दुकान कामगारावर टाकून बहिणीला शोधायला आलाय आणि दोन मित्रांबरोबर जीप घेऊन फिरतोय. सोनं गाळणाऱ्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर त्यानं दोघांचा फोटो टाकलाय. तो फोटो माझ्यापर्यंत एकदा वाराणसीहून आला, एकदा कोइमतूरहून. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, खानापूर तालुक्यातला माणूस भेटतोच, याचा मला लहानपणी केवढा अभिमान होता! आता त्याच गोष्टीमुळे या दोघांनी जायचं कुठं, असा विचार करते.

'बघतो' म्हणजे काय, दादा? मी रात्रीच्या डायरीत हा एकच शब्द लिहून ठेवलाय. त्याचा अर्थ तू सांग. वीरधवलचा अर्थ मला कळलाय. त्याची जीप मुक्ताबाईंच्या दारात उभी असते. परवा त्यांच्या नळाचा पाइप कुणीतरी कापला. मुक्ताबाई दारात येऊन म्हणाल्या, "माजा पोरगा कुटं हाय मला ठावं न्हाई. आन ठावं असतं तरी तुमास्नी सांगितलं नसतं. पाइप तेवढा जोडून द्या, तुमची आय बी ह्याच नळाचं पाणी प्याली हाय."

तुझ्या मित्राच्या मुलीचं लग्न मी लावून दिलं, तेव्हा तू मला उंबऱ्यावर थांबवून विचारलं होतंस, कॉलेजात शिकवायचं सोडून पळून आलेल्या जोडप्यांना आसरा द्यायचे हे असले धंदे कशाला? तेव्हा मी भांडले, उत्तर दिलं नाही. आता देते. कराडला माझ्या वर्गात अंकिता नावाची मुलगी होती. मी मूलभूत हक्क शिकवायचे, ती दुसऱ्या बाकावर बसून सगळं उतरून घ्यायची. तिनं असंच लग्न केलं. वडील आणायला गेले, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पोरगी घरी आली. थोड्याच दिवसांत बातमी आली की पोट दुखत होतं म्हणून औषध घेतलं, ते चुकून फवारणीचं निघालं. हजेरी घेताना माझ्या तोंडून सवयीनं तिचं नाव गेलं. मागून एक मुलगी म्हणाली, "ॲबसेंट, मॅडम." मी पुढचं नाव घेतलं.

त्यानंतर मला मूलभूत हक्क शिकवता येईनात. एवढंच कारण आहे. मी शूर वगैरे नाही. दारावर थाप पडली की मी आधी कडी चाचपते.

वीरधवलला सेलमला परत पाठव. बाकी आपण भांडू.

माला


सातारा, १७ जुलै

दादा,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, ओळीवर ओळ कवायतीला उभी. मी ते ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं आणि मग बाहेर जाऊन वाचलं.

तू लिहिलंस, "झालं गेलं विसरलो. बाळाला म्हण घरी ये. त्या मुलालाही घेऊन ये. देवाची शपथ, केसाला धक्का लागणार नाही. चार लोकांत पुन्हा लग्न लावून देतो. बाळाची आई जेवत नाही."

खरं सांगते, मला रडू आलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता फोन करावा आणि सांगून टाकावं. गेल्या वर्षी आमच्यासारखं काम करणाऱ्या बायकांची ऑनलाइन बैठक झाली, वेगवेगळ्या देशांतल्या बायका होत्या. कुणाच्या मागे सरकार लागलेलं, कुणाच्या मागे स्वतःचे काका. तुर्कस्तानातली एक बाई म्हणाली, धमक्यांची सवय झालीय, पण वडील माफी मागत फोन करतात तेव्हा काय करायचं ते अजून कळत नाही. मी तेव्हा मान डोलावली होती. ती काय म्हणत होती ते तुझं पत्र हातात आल्यावर समजलं.

ते पत्र ज्यांनी वाचायला हवं त्यांनी वाचलंय. उत्तर 'नाही' असं आहे. कारण लिहू शकत नाही.

शपथ नको, दादा. मला दुसरं हवंय. ठाण्यात जा आणि लिहून दे की मुलगी सज्ञान आहे, राजीखुशीनं गेली आहे, आमची तक्रार नाही. आणि दुसऱ्या परिच्छेदात लिही की तिच्या जिवाला तिच्या भावापासून धोका आहे. तू विचारशील, बाप पोराविरुद्ध लिहून देतो का? मी हे कुठल्याच बापाकडून अजून घेऊ शकलेले नाही. तरी मागते.

इकडचं म्हणशील तर नेहमीचं चाललंय. ऑफिसच्या मालकांनी जागा सोडता का म्हणून फार नम्रपणे विचारलं. काचेवर दगड आला. धमकीचे फोन आप्पासो घेतो. आप्पासो म्हणजे आमच्याबरोबर काम करणारा, पूर्वी एसटीत ड्रायव्हर होता. परवा फोन ठेवून म्हणाला, "ताई, आजच्यात दोन शिव्या नव्या हुत्या. गड्यानं अभ्यास केलाय." मी हसले आणि मग खिडकी लावून घेतली.

एक गोष्ट मी डायरीत लिहिते आणि फाडते, ती तुला लिहिते. हे सगळं मी त्या पोरीसाठी करतेय की तुला दाखवायला? तू मला दारातून परत पाठवलंस, आता तुझीच मुलगी माझ्या... हे वाक्य पुरं करत नाही. पण मनात कुठेतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं, एक क्षणभर. त्याची मला लाज वाटते. दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या बाबतीत मी इतकी जागी असते का, इतकी कडक वागते का, की तुझी आहे म्हणून कडक आहे? मला ठरवता येत नाही. ठरेपर्यंत थांबताही येत नाही.

वहिनींना सांग, जेवावं.

माला


सातारा, २८ जुलै, सकाळ

दादा,

आज नागचतुर्थी. भावाचा उपास. हे पत्र आज टपालात टाकणार नाही. का, ते पुढे कळेल.

आठवतं का, आपल्या घरात वेगळंच होतं. बाकीच्या बायका पंचमीला नागाची पूजा झाली की उपास सोडायच्या. आपल्याकडे भावानं 'सोड' म्हटल्याशिवाय बहीण घास घ्यायची नाही. आजीनं घातलेली पद्धत. तू पूंछला होतास तेव्हा पंचमीला मी विट्यातल्या फोनच्या बूथवर जाऊन बसायचे. तुमच्याकडे फोनला रांग असायची, म्हणून तू एकच शब्द बोलायचास. "सोड." लाइन कट. तेवढ्यासाठी मी उन्हात घरी चालत यायचे आणि पुरणाची दिंडं खायचे. मग एम.ए.ला असताना मी तुला लिहिलं की हे आपल्याला पटत नाही, मी उपास धरणार नाही. त्या वर्षी सहज बूथवर गेले. तुझा फोन आलाच. मी सांगितलं, "दादा, धरलाच नाही." तू थोडा थांबलास आणि म्हणालास, "तरी सोड."

आज सकाळी ती म्हणाली, "आत्या, मला चहा नको. भैयाचा उपास हाय."

लिहून गेले. खोडत नाही. आता तुला कळलंच आहे. ती इथून लांब गेली की हे पत्र टाकीन.

मी तिच्यावर चिडले, दादा. म्हटलं, ज्यानं तुझा फोटो देशभर फिरवलाय, जो तुला मारायला जीप घेऊन फिरतोय, त्याला दीर्घायुष्य मागतेस? तर केस विंचरत म्हणते, "त्यो चिडलाय, आत्या. मेला न्हाई." राजरत्न बाजूला बसून शेंगा सोलत होता. म्हणाला, "माझ्यासाठी पण धर की एखादा." "तू नवरा हायस. तुज्यासाठी वडाला दोरा गुंडाळीन, थांब वर्षभर." दोघं हसायला लागली. मी कडी लावलीय का ते पुन्हा बघून आले.

काय शिकवलं आपण या मुलींना? आणि मला का राग येतोय, तिला भावावर प्रेम करायचाही हक्क आहेच ना

फोन वाजतोय. तुझं नाव आहे.


३ ऑगस्ट

दादा,

वरचं पत्र तिथंच राहिलं. तसंच जोडते. गाव लिहीत नाही, मी साताऱ्यात नाही.

तू फोनवर काय बोललास ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण त्यानंतर इकडे काय झालं ते तुला माहीत नाही. तू म्हणालास, "माले, लाह्यावालीच्या फोनवरनं कळलंय. जीप सुटली. पोरगी हलव. आत्ता." आणि ठेवलास.

मी आधी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मीच केला हुता." फाटकाशी बनुबाई पंचमीच्या लाह्या विकायला आली होती. जोडप्यांना लपवतो त्या आमच्या घरात आल्यावर मोबाइल बंद करून आमच्याकडे द्यायचा असतो. ते हिनं पाळलं होतं. पण सासरी गेलेली बहीण चतुर्थीला भावाला कळवते की तुझा उपास धरलाय. दर वर्षी कळवते. म्हणून बनुबाईचा फोन मागितला, भैयाला लावला, "उपास धरलाय" म्हणाली, ठेवला. त्याच्या मोबाइलवर अनोळखी नंबराचं नाव दाखवणारं ॲप आहे, त्यात 'बनुबाई लाह्या सातारा' असं नाव उमटलं. मग कुणीतरी बनुबाईला फोन करून गोड आवाजात विचारलं, मावशी, लाह्या पायजेल, कुठं बसताय? तिनं गल्लीसकट सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून.

आता मुख्य गोष्ट. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही.

आमचा एक नियम आहे. नातेवाइकाच्या फोनवरून जोडपं हलवायचं नाही. दुसऱ्या जिल्ह्यात असंच झालं होतं. मामानं कळवळून फोन केला, निघा म्हणाला, आणि जोडपं रस्त्याला लागल्यावर वळणावर गाडी आडवी घातली. आत राहिलं तर निदान दार असतं. ठाण्यात फोन केला, गाडी पाठवतो म्हणाले. आप्पासो म्हणाला, "ताई, नियम नियम हाय. बाप हाय त्यो. पयलं पत्र इसरलात व्हय?" मीही तेच म्हणत होते. बाहेर काढायचा डाव आहे. गेल्या वेळी शपथ, या वेळी घाई.

शिवांजली मला म्हणाली, "आबा काय बोलले ते सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं.

"मला बाळ म्हणाले?"

"नाही. पोरगी म्हणाला."

"मग खरं हाय. निघू."

दादा, तुझं पहिलं पत्र मी तिला वाचायला दिलं तेव्हा ती एकच ओळ वाचून म्हणाली होती, "हे खोटं हाय, आत्या. आबा खोटं बोलत्यात तवाच मला बाळ म्हणत्यात. इंजेक्शन दुखत न्हाई बाळा. कुत्रं पळून गेलं बाळा. मेलं हुतं ते." ते कारण मी तुला लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मला तुझी भीती वाटली होती. तू खरंच तिला बोलावून घेणार होतास, आणि पुढचं वीरधवलवर सोडणार होतास. की तूही तोवर ठरवलं नव्हतंस? मला कळावंसं वाटतं आणि विचारायला धीर होत नाही.

मी तरी अडले. नियम माझा होता. ती चप्पल घालत म्हणाली, "जीव माजा हाय का तुमच्या संस्थेचा?" वर्षानुवर्षं मी हेच वाक्य बापांना ऐकवत आले आहे.

आप्पासोनं त्याच्या पुतण्याची गाडी बोलावली. आणि तो स्वतः मागे राहिला. कुलूप दिसलं तर ते लगेच रस्त्याला लागतील, माणूस दिसला तर बोलण्यात वेळ जाईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला राहू दिलं. हे वाक्य मी रोज लिहिते आहे. गाडीत राजरत्न बायकोला म्हणाला, "थांबलो असतो तर पाव्हण्याला चहा तरी पाजला असता." तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मुक्ताबाईंना फोन करता येत नव्हता, ते त्याला सारखं आठवत होतं.

आम्ही बरंच पुढे गेल्यावर जीप पोचली. आप्पासो ओट्यावर बसून होता. वीरधवलनं विचारलं, पोरगी कुठं? हा म्हणाला, "आवं या की पाव्हणं, पाणी तरी घ्या, लांबनं आलाय." त्यांनी आत सगळी उलथापालथ केली. तिची ओढणी सापडली. मग आप्पासोला मारलं. डावा हात दोन ठिकाणी मोडलाय. पोलीस त्यानंतर आले. दवाखान्यात मला बघून म्हणाला, "ताई, उजवा शाबूत हाय. जबाबाखाली सही करता येती."

फिर्याद त्यानं दिली. वीरधवलला पकडलं, आता जामिनावर सुटलाय, तुला ठाऊकच आहे. त्याच्या जीपमध्ये कोयता होता. ऊसतोडीचा नव्हता, नवा होता. शिवांजलीनं महिला अधिकाऱ्यासमोर जबाब दिला, आपण सज्ञान आहोत आणि नवऱ्याबरोबर राहणार. कोयत्याचं तिला सांगितलं तेव्हा बराच वेळ हातावरची मेंदी खरवडत बसली.

माझाही जबाब झाला. अधिकाऱ्यानं विचारलं, हल्ला होणार हे आधी कसं कळलं? खरं सांगितलं तर वीरधवलला कळणार की त्याच्या बापानं फोन केला. भावकीला कळणार. गावात तुझ्याकडे कोण कसं बघेल ते मला दिसत होतं. नाही सांगितलं तर मी कागदावर खोटी पडणार. मी सांगितलं, "एका नातेवाइकाचा फोन आला." कोण, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते त्यांनी स्वतः येऊन सांगायचं आहे. त्यानं ते तसंच लिहून घेतलं.

तर तुझी जागा मी मोकळी ठेवली आहे. जुलैमध्ये मागितलेला तो दुसरा परिच्छेद अजून तसाच मागते आहे. तुझ्या फोननं तिचा जीव एकदा वाचला. पुढच्या वेळी जीप सुटेल तेव्हा तू अंगणात असशीलच असं नाही. वीरधवल तुझा मुलगा आहे, मलाही तो कडेवर घेतलेला आठवतो. पण ती जिवंत आहे, आणि तेवढं मला टिकवायचं आहे. पत्ता तुला आताही देत नाही. रागावू नकोस. रागाव, पण ये.

एक सांगायचं राहिलं.

पंचमीच्या दिवशीही ती जेवली नाही. ज्या घरात आम्ही उतरलो होतो त्या बाईंनी दिंडं केली होती. ताट समोर, आणि ही भिंतीला टेकून. "भैया सोड म्हणला न्हाई." राजरत्ननं हात जोडले. मी ओरडले. म्हटलं, तो कोठडीत आहे, तुझ्यासाठी कोयता घेऊन आला होता. "ठाव हाय," म्हणाली. आणि तशीच बसली.

तेवढ्यात तुझा फोन आला. "पोरीला दे," म्हणालास. मी नियमानं नाही म्हणाले. तू रागावशील असं वाटलं. तू विचारलंस, "खाल्लं का तिनं?" मी म्हटलं, नाही. पलीकडे वहिनींच्या बांगड्या वाजल्या. मग तू म्हणालास, "सांग तिला. सोड म्हणावं. मी म्हणतोय."

मी फोन ठेवून तिला सांगितलं, आबांनी सोड म्हणून सांगितलंय.

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाळ म्हणाले?"

मी म्हटलं, नाही.

तिनं ताट पुढं ओढलं.

माला